‘हात लावू का?’

आयोजकांनी मला विषय दिला होता ‘पुन्हा उभं राहताना’. पण उभं राहायला मला फारसा वेळ लागला नाही, तिसऱ्या दिवशीच मी भिंतीला धरून उभी होते. अडचण होती ती जिन्याची.

प्रसंग थोडक्यात सांगते. संध्याकाळची वेळ, माझ्याच इमारतीचा जिना आणि मागून आलेला एक अनोळखी माणूस. जबडा दोन ठिकाणी मोडला, दोन बरगड्या गेल्या. तो सापडला का, हे सगळेच विचारतात. सापडला. पण त्याला पकडल्याच्या रात्रीही मी जागीच होते.

जबडा तारांनी बांधला होता. सहा आठवडे जेवण स्ट्रॉने आणि बोलणं दातांतल्या दातांत. या सहा आठवड्यांत माझ्या वतीने सगळं काही घरच्यांनी ठरवलं. दादाने माझं सामान त्याच्या घरी हलवलं. माझा फोन वहिनी घ्यायची. ऑफिसात किती सांगायचं, कुणाला भेटू द्यायचं, रात्री खोलीत दिवा ठेवायचा की नाही, सगळं परस्पर ठरत होतं. प्रत्येक गोष्ट मायेने केलेली. मला मात्र राग यायचा, आणि एवढं करणाऱ्या माणसांचा राग येतो म्हणून लाजही वाटायची.

रुग्णालयात ड्रेसिंगला एक सिस्टर येत. त्या दरवेळी पलंगापासून हातभर लांब थांबून विचारत, “हात लावू का?” एकदा मी मानेनेच नको म्हटलं. “बरं, अर्ध्या तासाने येते,” म्हणाल्या आणि खरंच निघून गेल्या. जिन्यात मी नको म्हटलं होतं, ते कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते ऐकलं गेलं. मी रडले. माझ्या बरं होण्याची तारीख कुणी विचारली तर मी हीच सांगते, टाके काढल्याची नाही.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. हिंसा माणसाच्या हातातला ताबा काढून घेते. मग मदतीनेही तोच ताबा काढून घेतला, तर हेतू कितीही चांगला असो, त्याने माणूस सावरत नाही. हे मी वाचलं तेव्हा दादाला वाचून दाखवलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो प्रत्येकाला विचारला जातो. ओरडली का नाहीस? पळाली का नाहीस? मी ओरडले नाही. सुरुवातीला एकदा ‘नको’ म्हटलं, मग आवाजच फुटेना, हातपाय दगडासारखे झाले. कित्येक महिने मला वाटायचं, आपण भित्र्या आहोत. स्टॉकहोमच्या एका आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असंच गोठलं होतं. माझ्यावरचा हल्ला वेगळा होता, तरी तो आकडा वाचून मी पहिल्यांदा स्वतःला भित्री म्हणायचं थांबवलं. गोठायचं हे आपण ठरवत नाही, मेंदूचा जुना भाग ते परस्पर उरकून टाकतो. विचारणाऱ्याचा हेतूही समजून घ्या. त्याला खात्री हवी असते की तुम्ही काहीतरी चुकलात, म्हणजे त्याच्यावर ही वेळ येणार नाही. त्याची ही भीती वाहून नेण्याचं काम आपलं नाही.

नातेवाइकांची दुसरी घाई असते बोलतं करण्याची. ‘सगळं सांगून टाक, मोकळी हो.’ घटनेनंतर लगेच एकदा बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी बरीच वापरली जायची. पुढे तपासलं तर त्याने नंतरचा त्रास टळतो असं दिसलं नाही, काहींचा वाढलेला दिसला. सांगावंसं वाटेल तेव्हा ऐकायला कुणीतरी जवळ असावं, एवढं पुरतं.

बहुतेकांचा त्रास पहिल्या आठवड्यांत भयंकर असतो आणि बराचसा आपोआप ओसरतो. १९९२ च्याच एका अमेरिकी अभ्यासात बलात्कारानंतर साधारण दोन आठवड्यांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणं होती; तीन महिन्यांनी ती ४७ टक्क्यांवर आली. म्हणजे दुःस्वप्नं, दचकणं, दार तीनदा तपासणं हे वेड लागल्याचं लक्षण नव्हे. पण त्या ४७ टक्क्यांनी वाट बघत बसू नये, उपचार घ्यावेत. माझाही त्रास तसाच ओसरला नव्हता, आणि मी चौथा महिना उलटेपर्यंत बसून राहिले. दादाच्या घरी लिफ्ट होती ना! जिना टाळता येत होता, म्हणून मी टाळला, आणि टाळला म्हणून तो माझ्या डोक्यात वाढत गेला.

मानसतज्ज्ञ बाईंनी मला भीतीला शंभरपैकी गुण द्यायला लावले. जिन्याचा फोटो बघणं, तीस. दिवसा खालच्या पायरीवर उभं राहणं, पंचावन्न. संध्याकाळी एकटीने तिसरा मजला, शंभर. मग कमी गुणांपासून सुरुवात करून वर. प्रत्येक ठिकाणी भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. मी पहिल्या पायरीवर घामाने भिजत वीस मिनिटं उभी असताना शेजारचे काका “काही हरवलंय का?” विचारून गेले.

दुसऱ्या आठवड्यात दादा सोबत होता. सातव्या पायरीवर मी अडखळले आणि त्याने माझं कोपर धरलं. मी म्हटलं, “दादा, हात सोड.” त्याने सोडला, पण त्याचा चेहरा पडला. मग तिथेच पायरीवर बसून तो म्हणाला, त्या संध्याकाळी मी तुला घ्यायला येणार होतो, कंटाळा केला. चार महिने त्याच्या पोटात हेच होतं. माझं सामान हलवणं, फोन, दिवा, सगळं त्यातूनच आलं होतं. आम्ही सातव्या पायरीवर बराच वेळ बसलो. त्या दिवशी त्या पायरीच्या पुढे गेलो नाही.

आता मी माझ्या घरी राहते, तिसऱ्याच मजल्यावर. मागून कुणाची पावलं वाजली की मी भिंतीला लागून थांबते आणि त्यांना पुढे जाऊ देते. दादा विचारतो, “अजून?” मी म्हणते, हो, अजून. मग तो दोन पायऱ्या खाली थांबतो आणि विचारतो, “मी पुढे होऊ, की मागेच राहू?”