परदेशात गाडी, दंड घरपोच

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा आला की आपल्या सांगली-मिरजेतनं पोरांकडं परदेशी जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. तिथं गाडी चालवायचा बेत असेल तर आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढा. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. परमिट म्हणजे लायसन्स नव्हे बरं का. दोन्ही जवळ हवीत. परत सांगतो, मूळ लायसन्स आणि परमिट, दोन्ही.

आता आमच्या तासगावच्या अण्णांचं ऐका. बेदाण्याचे व्यापारी. काही वर्षांपूर्वी काकूंना घेऊन इटलीला गेले, भाड्याची गाडी घेतली, कागदपत्रं चोख. फ्लोरेन्सला पोचेपर्यंत अंधार पडलेला, हॉटेल जुन्या गावात. मोबाइल सांगेल तसं अण्णा वळतायत, हॉटेल काही सापडेना. त्याच बोळात तीनदा शिरले. बोळाच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा. काकूंच्या मांडीवर भडंगाचा डबा. (भडंगात साखर घालणाऱ्यांना खरा दंड व्हायला हवा, पण तो विषय वेगळा.) काकू म्हणाल्या, "अवो, फोटो काढाय लागलेत, जरा हसा की!" अण्णा हसले. तिन्ही वेळा.

सात-आठ महिन्यांनी ऐन सौद्यात पोस्टमन इटलीचं रजिस्टर पाकीट घेऊन हजर. सौदा थांबला. "अण्णा, एक्स्पोर्टची ऑर्डर आली जनू!" पाकीट फोडलं तर तीन दंड.

झालं असं, की इटलीत जुन्या शहरांच्या पोटात परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असते. झेडटीएल म्हणतात त्याला. पांढऱ्या पाटीवर लाल कडं दिसलं, की आत शिरायचं नाही. कॅमेरा टिपतो तो नंबर प्लेट, काकूंचं हसू नव्हे. गाडीवाल्यांनी अण्णांचा पत्ता पोलिसांना कळवला आणि त्या कामाचे पैसे कार्डावरून वेगळे कापले. अण्णा इतके महिने ते पार्किंगचे समजत होते! परदेशी पत्त्यावर अशी नोटीस धाडायला त्यांना 360 दिवस मिळतात, तेव्हा घरी आलो म्हणजे सुटलो, असं नाही.

नोटिशीत एक ओळ होती: पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट. जन्म सौद्यात गेलेला माणूस. त्याच संध्याकाळी पैसे भरले आणि वर आम्हाला सांगतात, "तीस टक्के तोडले!"

तर हॉटेल जुन्या गावात असेल, तर गाडीचा नंबर हॉटेलवाल्यांना आधी कळवा. पुष्कळ ठिकाणी ते परवान्याची नोंद करून देतात.

वेळ संपत आलीय, भरभर सांगतो. कायमचं राहायला गेलात, तर आपलं लायसन्स ब्रिटनमध्ये 12 महिने चालतं, जर्मनीत सहा. पुढं तिथलंच काढायचं. ब्रिटन बारा, जर्मनी सहा. दुबईत रहिवासी व्हिसा लागला, की तिथलंच लायसन्स लागतं. आणि परमिटची मुदत परदेशात असताना संपली, तर नूतनीकरणाचा अर्ज आपल्या वकिलातीत करता येतो. नमस्कार.