फॉरमॅट मारण्याआधी

(सांगलीत मुद्रक, डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावणं) करणारी मंडळी आणि दिवाळी अंकांचे संपादक यांच्यासमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

माझ्या हातात ही जी काड्यापेटीएवढी वस्तू आहे, ती मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल. पुढे बसलेल्या डीटीपीवाल्यांनी मात्र लगेच ओळखली. डोंगल. हे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं, त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर खोचायची, आणि मगच मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडायचं. डोंगल निघालं की मराठी टायपिंग बंद. मी असे प्रेस पाहिलेत, जिथे रात्री हे गल्ल्याबरोबर कुलपात जायचं.

पत्रिकेत आजचा विषय छापलाय, ‘जुन्या संगणकातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणावा’. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकाला तेच अक्षर ओळखता यावं म्हणून ठरवलेलं प्रमाण. त्याकडे मी येणार आहे. पण तो मजकूर बाहेर काढायचा दरवाजा जुन्या मशीनमध्येच असतो, आणि आपल्याकडे लोक आधी दरवाजाच पाडतात. म्हणून आधी मशीनबद्दल बोलतो.

गोष्ट अण्णांच्या प्रेसची आहे. ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय, मी वर्णन करत नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णांनी काय उचललं? ऑफसेट मशीन उचलणं शक्यच नव्हतं. कागदाची रिमं होती, बायंडिंगचं सामान होतं, ते सगळं खाली ठेवून हा सत्तरीचा माणूस एक जुना सीपीयू खांद्यावर घेऊन पोटमाळ्यावर गेला. मला नंतर म्हणाले, “अरे, मशीन नवं घेता येतं. यात नव्याण्णव सालापासूनचे वीस दिवाळी अंक आहेत.”

पाणी ओसरल्यावर तो सीपीयू माझ्याकडे आला. भिजला नव्हता, पण कितीतरी दिवस ओल्या हवेत बसला होता. इथे पहिली गोष्ट सांगतो, वहीत लिहून घ्या. असं मशीन लगेच चालू करायचं नाही. मी झाकण काढून चार दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवलं. मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, पाहिले. दोन हजारच्या आसपासच्या कितीतरी बोर्डांमध्ये खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर आले होते. ते वरून फुगतात आणि कडेने तपकिरी चिकट द्रव सोडतात. अण्णांच्या बोर्डावर तीन फुगलेले निघाले. ते काढून तेवढ्याच क्षमतेचे, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त असलेले नवे सोल्डर केले. खर्च शंभर रुपयांच्या आत. फुगलेल्या कपॅसिटरवर मशीन चालवलं तर ते मधेच अडकतं आणि आपण दोष विंडोजला देतो.

मग हार्ड डिस्क. वीस जीबीची, आणि कानाला लावली तर टिक... टिक... टिक. इथे मला थांबावं लागेल, कारण याच आवाजाशी माझं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे.

या घटनेच्या बारा वर्षं आधी, एका संपादकांचं मशीन असंच आवाज करायला लागलं होतं. त्यांनी ते एका दुकानात दिलं. दुकानाचं नाव मी घेणार नाही. तिसऱ्या दिवशी मशीन चकाचक होऊन आलं. “व्हायरस होता, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिली.” सहा वर्षांचं मासिक त्यात होतं. लेखकांची हस्तलिखितं ट्रेसिंग (छपाईसाठी पारदर्शक कागदावर काढलेली प्रत) निघालं की परत जायची, नाहीतर रद्दीत. छापील अंक आहेत, पण काही महिन्यांचे संपादकांकडेही उरलेले नाहीत. ते गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा जुन्या डेटावर नवी विंडोज बसली होती, वर गाणी भरून दिली होती, भेट म्हणून. मी आठवडाभर खटपट केली. हाती आल्या चौदा फाइल्स, त्यातल्या नऊ उघडल्या. फॉरमॅट मारणं, म्हणजे डिस्क रिकामी करून टाकणं, हा आपल्याकडे दुरुस्तीचा समानार्थी शब्द झालाय, आणि मला याचा आजही राग आहे. डॉक्टरांनी ताप आला म्हणून पेशंटची आठवण पुसून दिली, तर आपण त्यांना पैसे देऊ का? मशीनची दुरुस्ती करताना आतला मजकूर कोणाचा आहे, हे विचारायची रीतच आपण पाडली नाही.

असो. अण्णांची डिस्क. आवाज ऐकल्यावर ती मी अण्णांच्या मशीनवर पुढे चालवलीच नाही. दुसऱ्या संगणकाला जोडली, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे, त्याने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला घेतली. त्याची खुबी अशी की आधी ते वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. सेशन मोडलं तर पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. दोन रात्री लागल्या. अगदी थोडा भाग राहिला, आणि तो विंडोजच्या फाइल्सचा होता. वीसच्या वीस अंक आले.

आता तुम्ही म्हणाल, अंक आले, मग जुनी विंडोज कशाला हवी? कारण अंक होते पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइल्समध्ये, आणि अक्षरं होती डोंगलवाल्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. ते सॉफ्टवेअर विंडोज ९८ साठीचं. ९८ मध्ये प्रोग्रामला प्रिंटर पोर्टाशी थेट बोलता यायचं. एक्सपीपासून घरोघरी आलेल्या विंडोज एनटीच्या कुळातल्या. त्यांच्यात प्रोग्रामला पोर्टाला हात लावू देत नाहीत, मधे ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभागाशी बोलून देणारा छोटा प्रोग्राम, लागतो, आणि अण्णांच्या आवृत्तीचा तो ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. हल्लीची ६४ बिटची विंडोज तर १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. यूएसबीला प्रिंटर पोर्ट जोडायची जी वायर बाजारात मिळते, ती प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यातून दिसत नाही. अनेकांनी ती घेऊन पैसे घालवलेत, तुम्ही घालवू नका.

तर विंडोज ९८, दुसरी आवृत्ती, १९९९ ची. सीडी अण्णांकडे होती आणि पंचवीस अक्षरांची की त्यांनी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. ९८ ला एक्सपीसारखं ॲक्टिव्हेशन लागत नाही, की बरोबर असली की झालं. मशीन सुरू करून देणाऱ्या बूट फ्लॉपीवर मात्र बुरशी होती. चांगल्या फ्लॉपीवर बूट डिस्क बनवली आणि सुरुवात केली.

इथे नवखे लोक कुठे अडखळतात ते सांगतो. बूट फ्लॉपी मेमरीत एक छोटीशी ड्राइव्ह तयार करते, त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकतं. तुम्ही डी वर शोधत बसता, सीडी ई वर असते. दुसरं, मी बसवलेली डिस्क ८० जीबीची होती आणि एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचं साधन, तिला दहा जीबी म्हणत होतं. डिस्क खोटी नव्हती. ९८ सोबतच्या मूळ एफडिस्कला ६४ जीबीच्या पुढे मोजता येत नाही, ते एकूण आकारातून ६४ वजा करून सांगतं, आणि डब्यावरचे ८० जीबी संगणकाच्या मोजणीत साधारण साडेचौऱ्याहत्तरच भरतात. मायक्रोसॉफ्टने पुढे सुधारलेलं एफडिस्क दिलं होतं, ते वापरलं. तिसरं, १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क ९८ ला लावूच नका. त्यापुढे लिहायला गेलं की ते डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर लिहू शकतं, आणि मग काय गेलं ते कळतही नाही.

सीडीवरचा विन९८ हा फोल्डर आधी सी ड्राइव्हवर उतरवायचा आणि सेटअप तिथूनच चालवायचा. म्हणजे पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी ‘सीडी घाला’ म्हणून मशीन अडून बसत नाही. मग ड्रायव्हर. आधी मदरबोर्डच्या चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा, मग बाकीचे. ग्राफिक्सचा बसेपर्यंत पडदा सोळा रंगांत आणि ढोबळ दिसतो, घाबरायचं नाही.

अण्णांच्या नातवाने प्रेमाने एक जीबी रॅम आणून दिली होती. ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम दिली की ते ‘मेमरी अपुरी आहे’ असं म्हणायला लागतं. इतकी जागा असताना अपुरी कशी? कारण फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे तात्पुरत्या साठ्यासाठी, ते रॅमच्या प्रमाणात पत्ते राखून ठेवतं आणि बाकीच्या कामांना पत्तेच उरत नाहीत. सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये व्हीकॅशच्या खाली मॅक्सफाइलकॅशची मर्यादा लिहायची, किंवा सरळ रॅमची एक पट्टी काढून ठेवायची. मी पट्टी काढली. नातू जरा हिरमुसला, पण मशीन शांत झालं.

याच ९८ मध्ये आणखी एक गंमत होती. मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर अडकायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा आकडा तेवढ्यात भरतो. त्यावर दुरुस्तीही आली. आपल्याकडे हा दोष कोणालाच दिसला नाही. आपल्या भारनियमनाने कुठल्या मशीनला सलग पन्नास दिवस चालू दिलं होतं?

शेवटी डोंगल खोचलं, सॉफ्टवेअर टाकलं, पेजमेकर उघडला. १९९९ चा अंक. पहिल्या पानावरची संपादकीयाची चौकट जशीच्या तशी. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी पानं पुढे पुढे नेली आणि एका कवितेवर थांबले. “ही मी रात्री दोनला लावली होती,” म्हणाले. “काना राहिला होता एक. तसाच छापला गेला.” तो काना तिथे अजून राहिलेला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. तर आता मूळ विषय, भराभर.

एक्सपीवाल्यांसाठी दोन वाक्यं. सेटअप निळ्या पडद्यावर ७बी म्हणून थांबला तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, साटाची (डिस्क जोडणीची) पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर करा. आणि एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, ९८ चा तर ११ जुलै २००६ लाच. ही मशीनं इंटरनेटला जोडायची नाहीत. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने अपडेट न केलेली किती यंत्रं कुलूपबंद केली ते आठवा.

आता मजकूर. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. ‘ग’ हा कित्येकदा एक नसतो, अर्धा ग् आणि काना असे दोन असतात. आयएससीआयआय हे भारतीय लिपींसाठीचं प्रमाण १९९१ पासून होतं, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने पुण्यात त्यावर मोठं काम केलं, पण फॉन्टवाल्यांनी आपापले नकाशे ठेवले. म्हणून एका कंपनीची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर चिन्हांचा खच दिसते. विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड सोय २००० च्या आवृत्तीपासून आली, तोवर आपले कित्येक अंक असेच छापून झाले होते.

रूपांतर करताना क्रम उलटतो. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये क च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये क नंतर. ‘सूर्य’चा रफार जुन्यात य नंतर, युनिकोडमध्ये य च्या आधी र् म्हणून. कन्व्हर्टर तुमच्या फॉन्टसाठी बनलेलाच हवा, आणि वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांची डोळ्यांनी तपासणी हवीच.

माझा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. पेजमेकरमधून मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढू नका. आरटीएफमध्ये काढा. का? साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव जातं. मग लेखात मधे आलेला इंग्रजी शब्द आणि मराठीचे तुकडे, दोन्ही एकाच प्रकारची चिन्हं असतात, ओळखणार कसं? कन्व्हर्टर इंग्रजी नावाचीही मराठी करून ठेवतो. फॉन्टचं नाव टिकलं तर कुठला भाग बदलायचा ते कळतं. आणि सोबत प्रत्येक पानाची पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राला पान सांगायची भाषा) फाइल काढून घोस्टस्क्रिप्ट या साधनाने पीडीएफ करा, फॉन्ट आत बसवून. त्यातून शोध घेता येणार नाही, पण पान कसं दिसत होतं ते राहील. पेजमेकरनंतर आलेलं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर पेजमेकरच्या फाइल्स सीएस६ पर्यंतच उघडायचं, नंतरच्या आवृत्त्यांनी ते बंद केलं. दरवाजे असे एकेक करून बंद होतायत, म्हणून ते जुनं मशीन हवं, आणि काम पुरं होईपर्यंत चालतं हवं.

टिकवायचं कसं? महिन्यातून एकदा तासभर चालू करा. मदरबोर्डवरचा घड्याळ चालवणारा सीआर २०३२ चा सेल तारीख मागे जायला लागली की बदला. फिरत्या डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालतं, त्याची भाषा आयडीईचीच असते, साधा अडॅप्टर पुरतो. सगळं नीट बसलं की त्या डिस्कची पूर्ण प्रत काढून दोन घरी ठेवा, मग पुन्हा बसवायची वेळ आली तर सेटअपपासून नको. की, ड्रायव्हर आणि डोंगल एका डब्यात. डब्यावर मशीनचं नाव.

घंटा झाली. ज्यांनी हार्ड डिस्क आणल्या आहेत त्यांनी मागच्या टेबलावर या, मी आठपर्यंत आहे. पण विनंती एवढीच, टेबलापाशी येण्याआधी कोणी कशालाही जोडून बघू नका, आणि टिक टिक येत असेल तर ते आधी सांगा.