आकड्यांखाली मात्रा

मंडळी, ज्यांनी गिटार आणली आहे त्यांनी ती आता मांडीवर आडवी ठेवा. तोंड छताकडे, मान डाव्या हाताला. पोटाजवळ जाड तार दिसते आणि सगळ्यांत लांब बारीक तार. टॅब म्हणजे गिटारची धून रेघांवर आकडे मांडून लिहायची पद्धत. तिच्या सहा रेघा याच क्रमाने असतात. वरची रेघ म्हणजे बारीक, पहिली तार. तळाची रेघ म्हणजे जाड, सहावी. गिटार वाजवायला धरली की जाड तार वर येते आणि इथेच नवी मुलं उलटं वाचतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आठवडाभर एक धून घोटली होती, सगळी उलट्या तारांवर. मी पहिल्याच दिवशी गिटार अशी आडवी ठेवून दाखवायला हवी होती. तेव्हापासून माझा पहिला धडा हाच असतो.

रेघेवरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेल्या घराचा, बोटाचा नव्हे. शून्य म्हणजे तार मोकळी. आकडे एकाखाली एक आले की त्या तारा एकदम छेडायच्या. आता वाजवून बघा: पाचव्या तारेवर ३, चौथीवर ०, २, ३, तिसरीवर ०, २, दुसरीवर ०, १. ओळखीचं वाटतंय ना? सा रे ग म प ध नी सा. पाश्चात्त्य सी हा स्वर षड्ज धरला की शुद्ध स्वरांचं अख्खं सप्तक पहिल्या तीन फ्रेटांत बसतं.

पेटीवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारवर पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसरीच्या पाचव्या फ्रेटवर सापडतो, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही. स्वर तोच, पण दर ठिकाणी नाद वेगळा. तो कुठे दाबायचा हे टॅब सांगते, आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटते. तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ सालीच ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी टॅब छापली होती. तिथे बारीक तार तळाच्या रेघेवर असे. स्पेनमध्ये संगीतकार लुईस मिलानने १५३६ साली विहुएला या गिटारसारख्या वाद्यासाठी ती तार वरच्या रेघेवर घेतली, आणि आज आपणही तशीच वाचतो.

त्या जुन्या टॅबमध्ये आकड्यांच्या डोक्यावर काळाच्या खुणा असत. आज संगणकावर नुसत्या अक्षरांत लिहिलेल्या टॅबमध्ये त्या बहुधा गळालेल्या असतात. कोणता स्वर किती वेळ धरायचा, हे कागद सांगतच नाही. म्हणून मूळ गाणं आधी दहा वेळा ऐका, मग कागद उघडा. आणि ही उणीव भरून काढायचं साधन आपल्या घरातच आहे. भातखंडे लिपीत एका मात्रेत दोन स्वर आले की खाली चंद्रकोर काढतात. टॅबच्या आकड्यांखालीही ती खुशाल काढा.

मघाचीच ओळ घ्या. पायाने ठेका धरा आणि दर ठेक्याला एक स्वर वाजवा. आठ मात्रा होतील. आता पेन्सिलीने दोन-दोन आकड्यांखाली एकेक चंद्रकोर काढा. ठेका तोच ठेवा, त्याची लय वाढवू नका, आणि पुन्हा वाजवा. ओळ चार मात्रांत संपेल. वरचा एकही आकडा बदललेला नाही. चला, माझ्याबरोबर, एक, दोन, तीन, चार…