व्हील कॅपचा क्रोम आणि त्याखालचं निकेल

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी ॲम्बॅसॅडर किंवा पद्मिनी हौसेनं सांभाळणारी माणसं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आहेत. इंजिनाचं काम उरकतं, रंग होतो आणि मग नजर चाकांवर जाते. व्हील कॅपवर गंजाचे ठिपके, रिमभोवतीच्या कड्या मळकट. मालक म्हणतो, 'क्रोम मारून आणू या की!' आजचं बोलणं त्याच कामाबद्दल आहे: धातूच्या द्रावणाच्या टाकीत वस्तू बुडवून, वीज सोडून तिच्यावर पातळ मुलामा चढवायचा. आणि पहिलीच गोष्ट ही, की गंज अडवायचं काम मुळात क्रोमचं नाही, त्याखालच्या निकेलचं आहे.

वरचा क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या पातळ थराला बारीक भेगा आणि छिद्रं असायचीच. क्रोम निळसर झाक देतो, ओरखडे आणि काळवंडणं थांबवतो. पाणी मात्र त्या छिद्रांतून निकेलपर्यंत पोचतं. निकेल जाड असेल तर गंज वर्षानुवर्षं तिथंच रेंगाळतो, पातळ असेल तर एका पावसाळ्यात पत्रा गाठतो. उघड्यावर फिरणाऱ्या गाडीला २५ ते ३० मायक्रॉन निकेल हवं. घरातल्या खुर्चीच्या पायाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं, आणि बऱ्याचदा व्हील कॅपलाही तेवढंच चढवून परत देतात. दुकानातून आणताना जाड आणि पातळ निकेलच्या कॅप सारख्याच चमकतात, म्हणून फसगत होते.

काम द्यायच्या आधी वस्तू कशाची आहे ते ओळखा. लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर पितळ, ॲल्युमिनियम, मॅझॅक (जस्ताचं ओतकाम) किंवा स्टेनलेस. चिकटला म्हणजे साधा पत्राच, असं मात्र समजू नका. कड्यांना वापरतात त्या ४३० जातीच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. आतल्या बाजूला कुठंही लाल गंज नसेल आणि पापुद्रा सुटलेला नसेल तर तो स्टेनलेस असण्याची शक्यता जास्त. स्टेनलेसवर मुलामा चढवण्यात पैसे घालू नका. पोचे काढून बफिंग करून घ्या, झालं. मॅझॅक बहुधा कॅपच्या मधल्या चिन्हाला असतं. पत्र्याबरोबर ते जुना मुलामा उतरवायच्या ॲसिडात गेलं तर विरघळायला लागतं, म्हणून चिन्ह आधी सोडवून वेगळं द्या. मॅझॅकला पहिला हात सायनाइड तांब्याचाच, म्हणजे सायनाइडच्या द्रावणातून चढवलेल्या तांब्याचाच, लागतो. थेट ॲसिड कॉपरच्या, म्हणजे तांब्याच्या ॲसिडी द्रावणाच्या, टाकीत घातलं तर पुढं पुटकुळ्या येणार.

आता पत्र्याची कॅप. जुना क्रोम आणि निकेल दोन्ही पूर्ण उतरले पाहिजेत. जुन्या निकेलवर नवं निकेल नीट धरत नाही, वर्षभरात खपल्या निघतात. पोचे हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) काढायचे. रंगाच्या कामातली पुट्टी इथं चालत नाही, कारण तिच्यातून वीज जात नाही. मग १८०, २४०, ३२० अशा चढत्या नंबरांच्या पॉलिश पेपरनं घासाई आणि शेवटी बफ, म्हणजे मेण लावलेल्या कापडी चाकावर चकाकी. पत्र्यावर राहिलेला ओरखडा क्रोमखाली झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. त्यामुळं बिलाचा मोठा वाटा या घासाईचा असला तर कुरकुर करू नका.

खड्डे पडलेल्या पत्र्यावर तांब्याचा जाड थर चढवून तो घोटून घेतात, लागलं तर पुन्हा चढवतात. तांबं खड्डे भरून काढतं, पण पत्रा आरपार गंजला असेल तर ते काम नको. दुसरी जुनी कॅप शोधलेली बरी.

टाकीत जायच्या आधी तेलकटपणा गेला का, हे बघायची सोपी खूण आहे. वस्तू पाण्यात बुडवून उभी धरा. पाण्याचा पडदा सलग राहिला तर स्वच्छ. कुठं फाटला, थेंब गोळा झाले, तर तिथं बफचं मेण शिल्लक आहे आणि नेमकं तिथंच पुढं निकेल सुटणार.

निकेलच्या टाकीचं गणित मालकानंही समजून घ्यावं. द्रावण ५० ते ६० अंशांवर आणि करंट दर चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटरला) ४ अँपिअर असेल तर मिनिटाला सुमारे ०.८ मायक्रॉन निकेल बसतं. म्हणजे २५ मायक्रॉनला अर्धा तास. दहा इंची कॅपची एक बाजू सुमारे ५ चौरस डेसिमीटर भरते, दोन्ही बाजूंच्या १० चौरस डेसिमीटरना ४० अँपिअर. एका हुकाला चार कॅप लावल्या तर १६०. रेक्टिफायर (टाकीला डीसी वीज देणारं यंत्र) १०० अँपिअरच देत असेल तर वेळ त्या प्रमाणात वाढला पाहिजे. म्हणून 'निकेल जाड आहे ना?' असं विचारू नका, त्याला कुणी नाही म्हणत नाही. किती अँपिअर आणि किती मिनिटं, ते विचारा. जमत असेल तर दोन थरांचं निकेल सांगा: खाली सेमी-ब्राइट (कमी चकचकीत), वर ब्राइट (चकचकीत). वरच्या थरात गंधक असतं म्हणून तो आधी झिजतो, गंज आडवा पसरतो आणि खाली उतरायला वेळ लागतो.

कॅपच्या खोल खाचांत क्रोम पोचायला कुचराई करतो. खाचेत पिवळसर झाक दिसली तर तिथं क्रोम नाही, नुसतं निकेल आहे. खाचेजवळ वेगळा ॲनोड, म्हणजे विजेचं धन टोक, लावून ते काम सुधारतं. याउलट कडेला करंट जास्त झाला की राखाडी, खरखरीत जळका भाग येतो. अशी कॅप परत द्या.

सगळ्यात जास्त घात होतो तो दुमडलेल्या कडेत. तिथं ॲसिड आणि द्रावण अडकून बसतं आणि दोन-तीन महिन्यांनी कडेतून तांबडं पाणी पाझरतं. सोड्याच्या पाण्यात बुडवून, गरम पाण्यानं धुऊन, हवेच्या नळीनं ती कड फुंकून घ्यायला सांगा. घरी आणल्यावर त्या कडेत मेणाचं गंजरोधक सोडा. मागच्या बाजूला निकेल पातळच बसतं, तिथं इपॉक्सी प्रायमर आणि वर ॲल्युमिनियम रंग द्या. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका.

दोन गोष्टींवर क्रोम नकोच. कॅप धरणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा आधी काढून ठेवा. मुलाम्यात हायड्रोजन शिरून कडक स्प्रिंग ठिसूळ होते. चाकाच्या नटांचा उताराचा भाग (रिमवर टेकणारा निमुळता भाग) आणि आटे कोरे ठेवा. तिथला थर दाबानं सुटतो आणि नट ढिला पडतो. नट कसल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

राहता राहिली निगा. आपल्याकडची तांबडी माती कॅपच्या मागं चिकटून ओल धरते, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा कॅप काढून मागूनही धुवा. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलात तर दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुणं, कारण समुद्राकाठचं मीठ निकेल खातं. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करा, पण कॅपवर उडालेला लिंबाचा रस आणि हळदकुंकू संध्याकाळपर्यंत पुसून टाका. चिंच, तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर, बाथरूमचं ॲसिड यातलं काहीही क्रोमला लावू नका. गंजाच्या छोट्या ठिपक्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, पुसून कोरडं करा आणि मेणाचे दोन हात द्या. ठिपका त्यानं जातो, छिद्र तसंच राहतं, म्हणून दर दोन महिन्यांनी मेण पुन्हा लावायचं. गाडी पावसाळाभर उभीच असेल तर कॅप उतरवून सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि वर्तमानपत्र ओल शोषून धरतं.