जुन्या मॅव्हरिकची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. डार्ट मारणारी खेळण्यातली जुनी बंदूक हाती आली की आपण तिचे तोंड आभाळाकडे करतो, चाप ओढतो आणि डार्ट किती लांब पडला ते पावलांनी मोजतो. ती हौस अवश्य भागवावी. परंतु तिरप्या माऱ्याचा पल्ला कोनागणिक बदलतो आणि फोमचा डार्ट जेमतेम एक ग्रॅमचा असल्यामुळे साध्या पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटतो, म्हणून एवढ्यावरून बंदुकीची पारख होत नाही.

हॅस्ब्रो कंपनीची, २००५ साली आलेली नर्फ मॅव्हरिक घेऊ. हिच्या फिरत्या चक्रात सहा कप्पे आहेत. वरचा भाग मागे खेचला की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे ढकलते, आणि सायकलच्या पंपातल्यासारखी दाबलेली हवा समोरच्या कप्प्यातला डार्ट बाहेर फेकते. प्रत्येक कप्प्यात हवा अडवणारी एक छोटी झडप असते व डार्ट नीट बसल्यावरच ती उघडते. त्यामुळे रिकामी बंदूक चालवून तिच्या जोराचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

मोजणी बंद खोलीत, डोळ्यांवर चष्मा लावून करावी. बंदूक जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर अगदी आडवी टेकवावी. त्या उंचीवरून डार्ट खाली यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणजे तो ७ मीटरवर पडला, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला १४ मीटर झाला, आणि हवेचा अडथळा धरता सुटतानाचा वेग त्याहून थोडा अधिक असणार. कप्प्यांना क्रमांक देऊन प्रत्येकातून पाच-पाच डार्ट मारावेत. जुन्या डार्टांचा फोम बसलेला असतो, तेव्हा हीच मोजणी नव्या डार्टांनीही करावी. नाहीतर डार्टाचे पाप बिचाऱ्या बंदुकीच्या माथी बसते.

खरी गंमत आकड्यांच्या विखुरण्यात आहे. एकच कप्पा सातत्याने मागे पडत असेल, तर दोष त्या कप्प्यात किंवा त्याच्या झडपेत शोधावा. सहाही कप्पे सारखेच कमी पडत असतील, तर स्प्रिंग थकलेली असावी किंवा दट्ट्यावरचे रबरी कडे सुकलेले असावे. त्या कड्याला सिलिकॉन ग्रीसचे पातळ बोट लावून तीच मोजणी पुन्हा करावी. पल्ला वाढला तर हवा तिथूनच निसटत होती. जैसे थे राहिला, तर मात्र स्क्रू काढून स्प्रिंग पाहण्यावाचून गत्यंतर नाही.