वाचनवही: तारे नकोत, पान क्रमांक हवा

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

वाचनाची नोंद ठेवायला घेतली की पहिला महिना उत्साह दांडगा असतो. पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख, पाचपैकी किती तारे, झालं. दोन वर्षांनी तीच यादी उघडावी तर चार तारे दिसतात आणि पुस्तकातलं काही म्हणता काही आठवत नाही. तेव्हा आवडलं होतं एवढंच कळतं; काय आवडलं, ते गेलं. म्हणून ग्रंथालय समितीचं सांगणं असं की तारे सोडा, त्या जागी एक वाक्य आणि एक पान क्रमांक लिहा.

वाक्य कसलं? ‘भाषा ओघवती, व्यक्तिरेखा जिवंत’ असलं नको, ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतं. समजा, कथासंग्रह वाचलात, तर नोंद अशी हवी: ‘पान ४७. सासू उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलते, शेवटपर्यंत आत येत नाही. भांडणाचा शब्दही नाही आणि भांडण मात्र पुरतं झालेलं.’ वीस-पंचवीस शब्द पुरतात. पण पुस्तक मिटल्यावर दोन दिवसांत लिहा. आठवडा गेला की आपण नकळत मलपृष्ठावरचा मजकूरच उतरवायला लागतो. वाचताना समासात पेन्सिलीचं बारीक टिंब करायचं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नुसते पान क्रमांक टिपायचे. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर हे सगळं चिठ्ठीवर, कृपा करून.

पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून आवृत्ती नोंदवायलाच हवी. ती शीर्षकपानाच्या मागे सापडते. जुन्या मराठी पुस्तकांत तिथे तिथी आणि शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन. महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. पौष डिसेंबर-जानेवारीत पडतो, तिथे दोन्हींपैकी काहीही असू शकतं. म्हणजे गुढीपाडवा, शके १८८० हे १९५८ साल आणि त्याच शकातला फाल्गुन १९५९ मधला. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचा, रकाना सक्तीचा करू नका. २००७ पासून तो तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी होता आणि जुन्या पुस्तकांवर मुळातच नसतो. ई-बुकात अक्षर मोठं केलं की पानं सरकतात, तिथे प्रकरणाचं नाव लिहावं.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा हवीच. भैरप्पांच्या कानडी कादंबऱ्या आपण उमा कुलकर्णींच्या मराठीत वाचतो. ते नाव गाळलं तर वाक्यं कुणाची आवडली, हेच नोंदीत राहत नाही. टोपणनावांचाही घोळ होतो. आरती प्रभू म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, पण कविता एका नावावर आणि कादंबऱ्या दुसऱ्या. नोंदीत पुस्तकावर छापलेलं नाव ठेवा आणि सूचीत दुसऱ्या नावापुढे ‘पाहा’ म्हणून पहिलं लिहा.

दिवाळी अंक अख्खा एक नोंद म्हणून लिहू नये. आवडलेली कथा किंवा लेख वेगळा नोंदवा: अंकाचं नाव, वर्ष, पान. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेत कितीतरी कथा आधी अंकात येतात आणि मग संग्रहात. संग्रह हातात आला की ‘ही कुठेतरी वाचलीय’ हे कोडं मग जुन्या नोंदीवरून सुटतं.

वही की संगणक? ज्याला लिहायचा कंटाळा नाही त्याने वही घ्यावी. १९२ पानी, शिवणीची. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक घाला, शेवटची १२ सूचीसाठी राखा. एका पुस्तकाला अर्धं पान धरलं तर ३६० पुस्तकं मावतात.

संगणकावरच्या तक्त्यात शोधणं सोपं, पण देवनागरीचे काही खड्डे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकलेलं असू शकतं, एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण शोध एकाला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो. ‘पु.ल.’ आणि ‘पु. ल.’ यांतल्या मोकळ्या जागेनेही तसंच होतं. एक पद्धत ठरवा आणि ती तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. वर्णक्रम लावल्यावर क्ष आणि ज्ञ आपल्या सवयीप्रमाणे शेवटी न येता क आणि ज मध्ये जाऊन बसतात. ती चूक तुमची नव्हे.

इथे अमेरिकेत तारखेचा फटका ठरलेला. आपण ३/४ लिहितो ३ एप्रिल म्हणून, तक्ता समजतो ४ मार्च. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहावं किंवा महिना अक्षरात. तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा, नाहीतर उघडल्यावर मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात.

उसनवारीसाठी एक रकाना ठेवाच. सामानाच्या वजनात मारून-मुटकून आणलेली पुस्तकं आपल्यात फिरतात आणि कुठल्या घरी थांबली ते कुणालाच आठवत नाही. पुस्तक देतानाच नाव लिहून टाका.

आणि आजवर वाचलेलं? ते सगळं आठवून भरायला बसू नका, वही तिथेच बंद पडते. कपाटातली दहा-पंधरा आवडती घ्या, तारखेच्या जागी ‘पूर्वी’ लिहा. पान उघडून ते वाक्य सापडलं तर टिपा, नाही सापडलं तर रकाना कोरा ठेवा. पुन्हा वाचाल तेव्हा भरेल.