व्हॉलीबॉलच्या ट्रायआउटला मुलीला नेताना

नमस्कार मंडळी.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या मुंजीत, गेली काही वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातो: "आमच्या मुलीला क्लब व्हॉलीबॉलला पाठवायचंय, ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, नेमकं बघतात तरी काय?" एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांशी एकदाच बोलावं असं मंडळानं सुचवलं, आणि मी लगेच हो म्हटलं. मी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या दोन मुलींची आई आहे आणि आठ वर्षं इथे शिकागोच्या उपनगरात बारा ते चौदा वर्षांच्या मुलींना शिकवते आहे. जिमच्या भिंतीला टेकून जीव मुठीत धरून बसलेली आई मी होते, आणि क्लिपबोर्ड घेऊन मुलींच्या नंबरापुढे आकडे मांडणारी कोचही मीच आहे.

तुमच्यापैकी बरेच जण शाळेत, गावाकडे व्हॉलीबॉल खेळलेले आहात. माझाही खेळ शाळेच्या मातीच्या मैदानावर, फक्कीनं आखलेल्या रेषांत सुरू झाला. आपल्याकडे निवड चाचणी म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील गट, आणि सगळं शाळेमार्फत. इथे शाळेचा संघ वेगळा आणि क्लब वेगळा. हायस्कूलच्या मुलींचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन थंडीच्या तोंडाशी संपतो. मग क्लबचा हंगाम लागतो, तो जून-जुलैपर्यंत चालतो. क्लबचे पैसे आईवडील भरतात, शनिवार-रविवार आईवडील गाडी चालवतात, आणि दर वर्षी मुलीला नव्यानं ट्रायआउट द्यावा लागतो. मागच्या वर्षी संघात होती म्हणून यंदाची जागा पक्की, असं इथे नसतं.

गर्दी एवढी का होते? खेळ इथलाच. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीए या युवक संस्थेत शारीरिक शिक्षण बघणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी तो काढला आणि नाव ठेवलं 'मिंटोनेट'. पण मुलींना तो खऱ्या अर्थानं मिळाला १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही मुलगी म्हणून डावलायचं नाही, असं त्या कायद्यानं ठरवलं, आणि शाळा-कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. आज या देशात साडेचार लाखांहून जास्त मुली हायस्कूलचं व्हॉलीबॉल खेळतात, म्हणजे बास्केटबॉलपेक्षाही जास्त. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना बघायला ९२,००३ माणसं आली होती. तो सामना मी घरी टीव्हीवर बघितला आणि मला रडू आवरेना. आमच्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला आमच्या बाई आणि हरलेल्या संघांच्या मुली सोडल्या तर बघायला कुणीही नव्हतं.

आता कामाचं बोलू. गट इयत्तेवर ठरत नाही, जन्मतारखेवर ठरतो, आणि ती रेघ १ जुलैला आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेली मुलगी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली तिची मैत्रीण एकाच वर्गात बसतील, पण वेगळ्या गटात खेळतील. नाव नोंदवण्याआधी हा हिशेब नीट करा. ट्रायआउटला उतरण्याआधी यूएसए व्हॉलीबॉल या देशपातळीवरच्या संघटनेच्या आपल्या विभागाचं सदस्यत्व घ्यावं लागतं आणि वैद्यकीय संमतीचा फॉर्म भरावा लागतो. तारखा विभागाविभागात वेगळ्या असतात. काही ठिकाणी उन्हाळ्यातच उरकतात, काही ठिकाणी लहान गटांचे शरद ऋतूत होतात. मे महिन्यापासूनच क्लबांच्या पानांवर लक्ष ठेवा.

दाराशी मुलीला एक नंबर मिळतो, टी-शर्टवर चिकटवायचा. मग तिची उंची मोजतात, उभ्यानं हात वर करून बोटं कुठवर पोचतात ते मोजतात, आणि तीन पावलं धावत उडी मारून किती वर जाते ते मोजतात. आपल्या घरांतला खरा घोर इथे सुरू होतो. "आमची काही उंच होणार नाही हो," असं मला कुजबुजत सांगितलं जातं, तेही मुलीच्या देखत. कृपा करून हे करू नका. बारा वर्षांखालील मुलींचं नेट सात फुटांवर असतं आणि त्या वयात कुणाचीच वाढ पुरी झालेली नसते. शिवाय १९९८ पासून या खेळात लिबेरो ही जागा आहे, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागच्या ओळीत खेळणारी खेळाडू. ती नेटच्या वर चेंडू मारत नाही, पण समोरून आलेली सर्व्हिस आणि स्मॅश उचलते, आणि चांगली लिबेरो मिळाली की कोचचा अर्धा घोर जातो. मात्र "तू बुटकी, तू लिबेरोच हो" असंही दहाव्या वर्षी ठरवू नका. तिला सगळं खेळू द्या.

मोजमाप झालं की खेळ. आम्ही सर्वांत आधी पास बघतो. सर्व्हिस आली आणि मुलीनं ती अशी उचलली की सेटरला, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणारीला, एक पाऊलही हलावं लागलं नाही, आणि तिला पुढे कुणालाही चेंडू देता येईल, तर तीन गुण. सेटरला थोडं सरकावं लागलं तर दोन. कसाबसा जिवंत ठेवला तर एक, आणि हातावरून उडून भिंतीला गेला तर शून्य. असे आकडे आम्ही तासभर मांडत असतो. स्मॅश सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, आईबाबा टाळ्या त्यालाच वाजवतात. पण तेरा वर्षांच्या मुलींचा सामना जिंकून देतात त्या सर्व्हिस आणि पास. घरी सराव करायचा असेल तर याच दोन गोष्टींचा करा.

आणि एक गोष्ट कागदावर नसते, पण ती प्रत्येक कोच बघतो: चेंडू जमिनीवर पडल्यानंतर मुलगी काय करते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. एक मुलगी होती, सडपातळ, मध्यम उंचीची, गुडघ्याचं एक पॅड सारखं घसरत होतं. तिचे पहिले तीन पास शून्याचे. तिसरा तर थेट माझ्या खुर्चीपाशी आला. तो घ्यायला ती धावत आली, चेंडू टोपलीत टाकला, रांगेत परत जाताना पॅड वर ओढलं आणि पुढे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "ही सर्व्हिस लांब पडतेय, थोडी मागे उभी राहा." स्वतःचे तीन चुकले होते, आणि त्यातून तिनं जे ओळखलं ते ती दुसरीला सांगत होती. चौथ्या चेंडूला ती स्वतः दोन पावलं मागे उभी राहिली आणि तिला दोन मिळाले. तिच्या नंबराभोवती मी गोल केला. शेजारी बसलेल्या कोचनंही तोच नंबर गोल केलेला होता, आम्ही एकमेकींशी बोललोही नव्हतो.

आपल्या मुली इथे एका गोष्टीत मागे पडतात, आणि तिची जबाबदारी आपली आहे. त्या ओरडत नाहीत. चेंडू दोघींच्या मधे आला की घेणारीनं "माझा!" असं जोरात म्हणायचं असतं, आणि ते चेंडू खाली येण्याआधी म्हणायचं असतं. आपण घरी काय शिकवतो? हळू बोल, मोठ्यानं हसू नको, पाहुणे आलेत. मग तीच मुलगी अनोळखी जिममध्ये साठ मुलींपुढे तोंड उघडत नाही आणि चेंडू दोघींच्या मधे पडतो. तिचे हात चांगले असतात, पाय चांगले असतात, पण सहा जणींच्या संघात गप्प मुलगी घेताना कोच विचार करतो. मी माझ्या धाकटीला अंगणात उभं करून "माझा" ओरडायला लावलं. पहिले दोन दिवस आवाज फुटेना. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा बाहेर येऊन बघायला लागले, तेव्हा मला हायसं वाटलं.

आता निकालाचं. आपण वाढलो ते गुणवत्ता यादीत. अमुक टक्क्यांना यादी बंद, वरचा आत आणि खालचा बाहेर. ट्रायआउटचा निकालही आपण तसाच वाचतो, आणि मुलीला तसाच वाचायला शिकवतो. पण आम्ही कोच मंडळी रात्री जिममध्ये बसतो तेव्हा यादी वरून खाली लावत नाही, आम्ही संघ जुळवतो. दहा किंवा बारा जागा. त्यात दोन सेटर हव्यात, नेटपाशी मधे खेळणाऱ्या तीन-चार, दोन्ही कडांना मारणाऱ्या, मागच्या ओळीच्या दोन. चार उत्तम सेटर आल्या तर दोघींना नाही म्हणावंच लागतं, मग त्या निवडलेल्या एखाद्या मधल्या मुलीपेक्षा चांगल्या खेळाडू असल्या तरी. त्याच दोघी दुसऱ्या क्लबात पहिल्या पसंतीच्या ठरतात. म्हणून एकाच क्लबावर भिस्त ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी उतरू द्या.

जागा देऊ केली की उत्तराला एक-दोन दिवसांचीच मुदत असते, कधी त्याहूनही कमी, आणि लगेच अनामत भरावी लागते. इथे आमची एकदा मोठी फसगत झाली. एका क्लबानं फोनवर सांगितलं, "तुमच्या मुलीची जागा पक्की धरा." त्या भरवशावर आम्ही दुसरीकडचा होकार सोडला. आठवड्यानं कळलं की ती जागा भरली गेली. थोरली तेव्हा तेरा वर्षांची होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: ईमेलवर लिहून येईपर्यंत दुसरीकडे नाही म्हणू नका.

आणि पैसे भरण्याआधी विचारा. मोठ्या नावाला भिडस्तपणे गप्प बसू नका. कोच नक्की कोण, आज दिसलेलाच का? संघात मुली किती, दहा की तेरा? सगळ्यांना खेळायला मिळतं की कोच ठरवेल तसं? विमानानं जायच्या स्पर्धा किती, आणि तो खर्च फीमध्ये धरलाय का? प्रवासाच्या संघांची फी हजारो डॉलरमध्ये जाते आणि हॉटेलं वेगळी. कोचची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, त्यांनी सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंचा छळ रोखण्याचं, प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. नियमानं ते बंधनकारक आहे, त्यामुळे या प्रश्नावर नाराज होणाऱ्या क्लबात मी माझी मुलगी ठेवणार नाही. पहिल्या संघात बाकावर बसण्यापेक्षा दुसऱ्या संघात रोज चेंडू हाताला लागणं मला जास्त मोलाचं वाटतं. कॉलेजच्या स्कॉलरशिपची घाई करणाऱ्यांना एकच सांगते: डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर खेळणाऱ्या, कॉलेजांचे कोच मुलीशी थेट बोलायला सुरुवात करू शकतात ते दहावीच्या वर्षानंतर, १५ जूनपासून. बाराव्या वर्षी त्याचा हिशेब मांडून मुलीच्या डोक्यावर ठेवू नका.

ती फसगत झाली त्या संध्याकाळी थोरली गाडीत मागे बसली होती. ट्रायआउटचा नंबर तिनं बॅगेच्या खिशावर चिकटवून जपला होता, तो ती नखानं खरवडून काढत होती. मी बोलत राहिले. त्या क्लबाची चूक, अमक्या मुलीचा बाप ओळखीचा, तू तिच्यापेक्षा कितीतरी चांगली. ती म्हणाली, "आई, ती माझी मैत्रीण आहे." मग मी गप्प बसले. घरी पोचल्यावर ती चेंडू घेऊन गॅरेजच्या भिंतीपाशी गेली. मी साडीवरच होते, कुठल्याशा कार्यक्रमाहून तिला आणायला गेले होते. पदर खोचला आणि तिला चेंडू टाकायला लागले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

बाहेरच्या जिममध्ये आज नेट लावून ठेवलंय, चेंडूही आणलेत. चहा झाला की मुलींना घेऊन या, आणि आईबाबांनीही चपला काढून आत यायचंय. चेंडू टाकायचा कसा ते मी दाखवते. दोन्ही हातांनी, खालून, छातीपासून लांब, आणि प्रत्येक वेळी त्याच उंचीवर. पन्नास टाकले की खांदे दुखायला लागतील, तरी टाकत राहा. मुलींनो, तुमचं काम एवढंच: चेंडू माझ्या हातातून सुटला की लगेच ओरडायचं, आणि मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐकू आलं पाहिजे.